बापानं वाढवलेली पोर

पुणे

प्रिय अविनाश,

स. न. वि. वि.

तलवार हाती घेणाऱ्या मुलीवरच्या तुझ्या नाटकाचा खर्डा वाचला. उत्तराला उशीर झाला, पण आता लिहिण्यासारखं काही हाताशी आहे. एक बल्गेरियन चित्रपट पाहिला, आणि तुझं नाटक पुरं होण्याआधी तो तू पाहावास असं मला फार वाटतं. नाव ‘शेळीचं शिंग’. १९७२ चा, कृष्णधवल. दिग्दर्शक मेतोदी आंदोनोव्ह, पटकथा निकोलाय हायतोव्हची.

काळ सतराव्या शतकातला, बल्गेरियावर ऑटोमन तुर्कांचा अंमल असतानाचा. कारा इवान हा शेळ्या राखणारा माणूस. तो घरी नसताना चार जण घरात शिरतात, त्याच्या बायकोवर अत्याचार करतात आणि ती मरते. लहानगी मारिया हे सगळं पाहत असते. इवान पोरीला घेऊन डोंगर गाठतो, तिचे केस कापतो आणि तिला मुलगा म्हणून वाढवतो. काठी चालवायला शिकवतो, अंग दगडासारखं करायला शिकवतो. पोर मोठी झाली की त्या चौघांना एकेक करून गाठायचं, हे बापाचं ठरलेलं. मारलेल्या माणसाजवळ खूण म्हणून शेळीचं शिंग ठेवायचं.

एवढ्यावर थांबला असता तर तो चांगला सूडपट झाला असता आणि मी तुला इतकं लांबलचक लिहिलं नसतं. पण मारियाला डोंगरात एक तरुण मेंढपाळ भेटतो. तिला पहिल्यांदाच कुणीतरी मायेनं पाहतं, आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तिचं बाईपण वर येतं. बापाला ते कळतं. तो त्या पोराला मारून टाकतो. अविनाश, परक्यांनी मोडलेलं घर कुठेतरी पुन्हा उभं राहू लागलं होतं, आणि ते दुसऱ्यांदा मोडलं ते बापानं. पुढचं मी लिहीत नाही, ते तू पाहच.

इवानवर मला राग धरता आला नाही. अंतोन गोर्चेव्हनं तो असा उभा केलाय की त्याचं दुःख क्षणभरही खोटं वाटत नाही. पोरीवर त्याचा जीव आहे. पण तिच्यावर काय ओढवलं याचा तो जितका विचार करतो, तितका तिला काय हवंय याचा करतच नाही. आपल्या दुःखाची वारस म्हणून त्यानं तिला घडवलं. एवढी साधी गोष्ट, पण मी ती इतक्या निर्दयपणे मांडलेली क्वचितच पाहिलीय.

आई आणि मोठी झालेली मारिया या दोन्ही भूमिका कात्या पास्कालेवा या एकाच नटीनं केल्या आहेत. त्यामुळे मुलगी वयात येते तेव्हा मेलेली बायकोच इवानसमोर परत येऊन उभी राहते. मुलगा म्हणून वाढवलेल्या पोरीच्या अंगात तिची आई दिसायला लागली, तर त्या बापाचं काय होत असेल? संवादात हे कुणी बोलून दाखवत नाही. मुळात संवादच फार थोडे आहेत. दिमो कोलारोव्हचा कॅमेरा दगड, धूर, कातडी, उघडा माळ यांवर रेंगाळतो आणि माणसं गप्प असतात. पास्कालेवाचा चेहरा सगळं बोलतो. तिनं दुसरं काही केलं नसतं तरी या एका कामासाठी ती लक्षात राहिली असती.

आता तुझ्या कामाची गोष्ट. पुरुषवेषातली लढवय्यी मुलगी बाल्कनच्या लोकगीतांत जुनी आहे. तुर्की अमलाविरुद्ध रानात राहून लढणाऱ्यांना तिथे ‘हायदूत’ म्हणतात. वसंतात संत जॉर्जच्या सणाला, म्हणजे झाडांना पालवी फुटली की, त्यांची टोळी जमायची; शरदात संत दिमितरच्या सणाला पानं झडली, लपायला आडोसा उरला नाही, की पांगायची. या टोळ्यांच्या म्होरक्यांत बायकाही होत्या, आणि त्यांची गाणी झाली. सिर्मा नावाच्या मुलीच्या गाण्यात सत्तर साथीदार आहेत. ती झाडाला अंगठी टांगायला लावते: जो नेम साधेल तो म्होरक्या. नेम तिचाच लागतो. सत्तर पुरुष तिचं ऐकतात, आणि आपण कोण आहोत हे ती स्वतः उघड करते.

गाण्यातल्या सिर्माला आपलं गुपित आपल्या हातानं उघडता येतं. मारियाला तो हक्क नाही. तिचा वेष तिनं निवडलेला नाही, तो बापानं चढवलाय, आणि उतरवायचा की नाही हेही बापच ठरवणार. लोकगीतानं जिचा गौरव केला, तिला त्या गौरवासाठी काय मोजावं लागलं असेल, हे हायतोव्हनं विचारलं. आपली परंपरा जवळची मानणारा माणूसच हे विचारू शकतो. हायतोव्ह रोदोपी डोंगरातल्या याव्रोवो गावचा, १९१९ चा जन्म, शिक्षणानं आणि नोकरीनं वनाधिकारी. डोंगरातल्या माणसांचं बोलणं त्याच्या कानात होतं. ‘रानटी गोष्टी’ हा त्याचा १९६७ चा कथासंग्रह त्याच मुलखातून आलेला.

रोदोपीचं संगीत तू नकळत ऐकलं असशील. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यात वाल्या बाल्कान्स्कानं गायलेलं देल्यो हायदूताचं गाणं आहे, जोडीला काबा गायदा, म्हणजे तिथली खर्जातली मशकबीन (बॅगपाइप). देल्योला साधी गोळी लागत नाही म्हणून चांदीची गोळी ओतली, अशी त्याची कथा. केसरबाई केरकरांचं ‘जात कहां हो’ त्याच तबकडीवर आहे, ते तुला ठाऊकच आहे. तर चित्रपट लावण्याआधी देल्योचं गाणं एकदा ऐक. त्या आवाजातली उंची आणि एकटेपणा चित्रपटातल्या डोंगरावर जसाच्या तसा भेटेल.

आंदोनोव्ह मूळचा रंगभूमीचा माणूस, म्हणूनही तुला तो जवळचा वाटेल. हा चित्रपट केला तेव्हा तो चाळिशीला टेकला होता, आणि १९७४ मध्ये गेलाच. एवढी पकड असलेला माणूस आणखी वीस वर्षं जगला असता तर, असं सारखं मनात येतं. १९९४ मध्ये निकोलाय वोलेव्हनं हीच कथा पुन्हा पडद्यावर आणली, पण तू जुनाच पाहा.

तुझ्या खर्ड्यात मुलगी तलवार हातात घेते तो प्रवेश फार दिमाखदार आहे. टाळी पडेल. पण तिला तलवार देणाऱ्या काकाचं तू काहीच लिहिलेलं नाहीस. त्याला काय हवंय? ती नको म्हणाली असती तर त्यानं काय केलं असतं? माझ्या मते नाटक तिथे आहे. मुलीची आणि तिच्या आईची भूमिका एकाच मुलीला देता येईल का, याचाही विचार कर. तालमीत निदान एकदा करून बघ.

पाहून झालं की लगेच लिही, फोनवर नको. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत