ओवीच्या शाळेबद्दल, शुभास

कोरेगाव
६ जून

चि. शुभास,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर तू मान वर केली नाहीस. विनयरावांनी हात केला, ओवीने केला. एक दिवस आधीच निघालात. भिजत घातलेली डाळ मी शेजारी देऊन टाकली. फोनवर आपण दोघी बोलायला लागलो की आवाज चढतात, म्हणून लिहायला बसलेय. अण्णा म्हणाले, लिही, पण फळ्यावर लिहितेस तसं लिहू नकोस. प्रयत्न करते.

आधी माझी चूक. मी ओवीची परीक्षा घेतली. ती ओट्यावर बसून तिचं इंग्रजी गोष्टीचं पुस्तक मला वाचून दाखवत होती. खडाखडा. वाऱ्याने दोन पानं एकदम उलटली तरी ती पुढचं वाक्य म्हणतच राहिली, आणि ते त्या पानावर नव्हतंच. सगळं पाठ होतं तिला. मी तिथे गप्प बसायला हवं होतं. पण मी भलतंच पान उघडलं, एकेका शब्दावर बोट ठेवलं, "हा कोणता?" तिची हनुवटी थरथरायला लागली, समोर सुमनआत्या बसलेल्या, आणि तेवढ्यात तू केस पुसत बाहेर आलीस. सात वर्षांच्या पोरीला आपण नापास केलं, आणि तेही चार माणसांत. हे मनातून जात नाही.

त्यावर मी वर म्हटलं, "पुण्याच्या शाळेत वर्षभर एवढे पैसे भरून हे शिकवलं? आता नव्या गावी बदली झालीच आहे तर घाल तिथल्या झेडपीत." आणि तू म्हणालीस, "अमोलला कुठे घातलं होतंस?"

खरं आहे ते. १९९७ साली मी रोज संध्याकाळी वाडीवर फिरून लोकांना सांगत होते की तुमची पोरं आमच्या झेडपीत घाला, शाळा चांगली आहे. आणि त्याच जूनमध्ये माझा मुलगा साताऱ्याच्या रिक्षात बसला, गळ्यात टाय बांधून. अण्णांची इच्छा होती असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. अण्णा एकदाच म्हणाले होते. होकार माझा होता. मला भीती वाटली, तुला आज वाटतेय तशीच. म्हणून तू काय ठरवावंस हे सांगण्याचा हक्क मी तेव्हाच घालवलाय. शाळा बघायची कशी, एवढं मात्र मला येतं.

तू गावातल्या शाळेचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "रंग छान दिलाय." शुभा, रंगावर जाऊ नकोस. आमच्या जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, ज्ञानरचनावादाचं, मुलांनी हाताळून स्वतः शिकण्याचं, काम उभं राहिलं तेव्हा राज्यभरातून गुरुजींच्या गाड्या भरभरून बघायला यायच्या. मीही गेले होते. फरशीवर आखलेल्या चौकटी, काड्यांचे गठ्ठे, खड्यांचे ढीग आणि मुलं जमिनीवर बसून आपापसांत बोलत शिकतायत. मी परत आले ती वीस वर्षांनी लहान होऊन. पण पुढे काही ठिकाणी काय झालं, तर फरशा तेवढ्या रंगल्या. एका शाळेत मी स्वतः पाहिलं, तपासणीला साहेब येणार म्हणून त्या रंगावर पोरांना पाय ठेवू देत नव्हते. भिंतीवर काय लिहिलंय त्यापेक्षा ते किती उंचीवर लिहिलंय ते बघ. ओवीची नजर पोचेल तिथे आहे का? मुलांनी स्वतः काढलेलं, वाकडंतिकडं काही तिथे लावलंय का?

शाळा उघडते त्या पहिल्याच दिवशी जाऊ नकोस. त्या दिवशी प्रवेशोत्सव असतो, फुगे, गुलाबाची फुलं, गोड जेवण. मलाही तो दिवस फार आवडायचा, पण त्यात शाळा दिसत नाही. आठ-दहा दिवस जाऊ देत. मग एखाद्या मंगळवारी-बुधवारी, परिपाठ आटोपल्यावर, न कळवता जा. दाराशी फळ्यावर पट आणि हजर असे आकडे लिहिलेले असतात. वर्गात बसलेली डोकी मोजून त्याच्याशी ताडून बघ. २०११ च्या ऑक्टोबरात तीन दिवस सगळ्या राज्याची पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरची किती पोरं प्रत्यक्षात नव्हतीच ते बाहेर आलं. आमचा पट नेमका निघाला. त्या संध्याकाळी मी घरी येऊन शिरा केला होता, तुला आठवत नसेल, तू होस्टेलवर होतीस.

मुलींचं स्वच्छतागृह उघड. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे असते ते विचार. बाईंकडे जाऊन मागावी लागत असेल, तर ओवी मागणार नाही. दिवसभर तशीच बसेल ती.

पोषण आहाराच्या वेळेपर्यंत थांब. नियमाने एका पोराला १०० ग्रॅम धान्य धरलेलं असतं आणि वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची असते. गुरुजी खरंच घास घेतात की नुसती वहीत सही करतात, हे दोन मिनिटांत दिसतं. पोरांच्या ओळीत कोण कुणाशेजारी बसलंय हेही बघ. कोणी बाजूला, एकटं बसलेलं नाही ना?

वह्या माग. सगळ्या वह्यांत 'माझी आई' निबंध शब्दाला शब्द सारखा असेल तर तो फळ्यावरून उतरवलाय. प्रगतिपत्रकावरच्या अ-१ आणि ब-२ ला भुलू नकोस, आणि खालच्या वर्णनात्मक नोंदींनाही. 'गटात आनंदाने सहभागी होते' हे वाक्य मी स्वतः मार्च महिन्यात रात्री बारा वाजता किती पोरांच्या पुढे लिहिलंय. आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असा कायदा २०१० ला आला तेव्हा मी त्याच्या बाजूची होते, अजूनही आहे. नापास होऊन शाळा सोडलेल्या मुली मी पाहिल्यात. पण वरच्या वर्गात गेलं म्हणजे आलं, असं त्यातून समजू नये. आता पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आणलीय. पाचवीत कळून काय उपयोग, गं?

खरं बघायचं ते वाचन. पोरांना वाचता येतं का याची पाहणी करणारे 'असर'वाले २००५ पासून खेडोपाडी हेच करतात. हे शाळेत बसून बघत नाहीत, पोराच्या घरी ओसरीवर बसतात. अक्षर, मग शब्द, मग पहिलीच्या तोडीचा उतारा, मग दुसरीच्या तोडीची गोष्ट. गणितात हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी भागाकार. एवढंच, पण त्याने भल्याभल्या शाळांचं पितळ उघडं पडतं. तू तिसरीतलं मधल्या रांगेतलं एखादं मूल घे, पहिल्या बाकावरचं नको. त्यांच्या पुस्तकातलं काही देऊ नकोस, पेपरातली लहान मुलांची गोष्ट ने. चार ओळी वाचून झाल्या की म्हण, "काय झालं ते मला सांग." जे सांगेल ते ऐक.

बघ, परत परीक्षाच घ्यायला सांगतेय. चुकलं. पण निदान हसून विचार, माझ्यासारखं बोट रोखून नको.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. अक्षर मोत्यासारखं, वही बघून विस्तार अधिकाऱ्यांनी शाबासकी दिलेली. तिसरीत एक दिवस तिच्या शेजारची मैत्रीण जत्रेला गेली होती. मी श्रुतलेखन घातलं. ही पाटी छातीशी धरून बसली, दाखवेना. हळूच सोडवून बघितली तर कोरी. शुभा, तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. अडीच वर्षं ती चित्र काढावं तसं उतरवत होती आणि मी लाल पेनने 'छान' लिहीत होते. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास मी तिला घेऊन बसले, फेब्रुवारीत ती वाचायला लागली. पण सातवीनंतर तिची शाळा सुटली. ती अडीच वर्षं मी तिला दिली असती तर सुटली नसती, असं मला अजून रात्री वाटतं. ती कधीच काही विचारायची नाही. त्रास नाही, दंगा नाही, म्हणून माझी नजर तिच्यावरून पुढे जायची.

ओवीही विचारत नाही. दहा दिवस राहिली, तहान लागली तरी माठाकडे बघत उभी राहायची, कुणीतरी ओळखेपर्यंत.

तू तशीच होतीस. शाळेत 'बाई', घरी 'आई'. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की तुझा आवाजच बदलायचा. दुसरीत ४२ मधून १७ वजा केले की तुझे ३५ उरायचे, नेहमी मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढायचीस, वर असो की खाली. मी वर्गाला तीनदा समजावलं. "कळलं का?" "हो बाई." त्यात तुझाही आवाज. सुमनआत्यांनी एका रात्री कंदिलापाशी चिंचोके मांडून, दहाची पुडी सोडून तुला दाखवलं आणि मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "वहिनी, पोरीला हातचा कळलेला नाही." माझ्या वर्गातली, माझी मुलगी. आज बँकेत तू लाखांचे हिशेब मिळवतेस. तुझ्या शाखेत मी पासबुक भरायला आले होते तेव्हा काचेपलीकडे तुला बघून मला काय वाटलं ते तिथे सांगता आलं नाही.

तर शाळेत गेलीस की एवढं एकच नक्की विचार, बाकी सगळं राहिलं तरी चालेल. गुरुजींना म्हण, "तुमच्या वर्गात मागे पडलेलं मूल कोणतं?" ते नाव घेऊन, अमक्याचं जोडाक्षरापाशी अडतंय, त्याची आई पहाटेच कामाला जाते, मी त्याला असं असं देऊन बघितलं, असं सांगायला लागले तर तिथे ओवीला डोळे मिटून घाल. "सगळीच हुशार आहेत" म्हणाले किंवा "पालकच अडाणी" म्हणाले, तर परत ये. आणि हाच प्रश्न तुझ्या मनात असलेल्या त्या कऱ्हाड रस्त्याच्या इंग्रजी शाळेतही विचार. तिथे ऑफिसातून वर्गापर्यंत जाऊ देतात का, तेही त्यातच कळेल.

झेडपीची कड मी आंधळेपणाने घेणार नाही. तिथल्या झेडपीचा ४१ चा पट म्हणजे शिक्षक दोन, कायद्याने साठापर्यंत दोनच मिळतात. चार इयत्ता दोघांत. एक गुरुजी प्रशिक्षणाला नाहीतर मतदार यादीच्या कामाला गेले की उरलेले एक चारही वर्ग सांभाळतात. चांगले गुरुजी बदलून जातात, आपल्या हातात काही नसतं. पण दुसरी-तिसरी एकत्र बसते तेव्हा मोठं पोर लहानाला समजावतं, आणि न विचारणारी मुलं मोठ्या पोराला विचारतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली शिक्षकांसाठीचं जगातलं एवढं मोठं बक्षीस मिळालं, तीही सोलापूर जिल्ह्यातली झेडपीचीच शाळा. मी त्या दिवशी पेढे वाटले, जणू माझाच पोरगा. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, त्यात तूही उभी राहू शकतेस. इंग्रजी शाळेत तुला फाटकाबाहेर थांबावं लागेल. आणि सव्वासातची ती व्हॅन, पाऊण तास, पावसाळ्यात तो रस्ता. ओवीला गाडी लागते. "थांबवा" म्हणून ती ड्रायव्हरला सांगेल का? मला नाही वाटत.

झालं, पुन्हा तिथेच आले. अण्णांनी आत्ता डोकावून दोन पानं वाचली, काही न बोलता चहा ठेवून गेले. रागावू नकोस. तुम्ही दोघं ठरवाल त्यात मी आहे, इंग्रजी ठरलं तर इंग्रजी. फक्त मी 'माझी चौतीस वर्षं फुकट गेली का' असं म्हटलं, ते मनावर घेऊ नकोस. ओवी कुठे शिकते यावर त्या वर्षांचं मोल ठरत नाही, हे मला तुम्ही गेल्यावर, रिकाम्या ओट्यावर बसल्यावर कळलं.

विनयरावांचा चष्म्याचा डबा इथेच राहिलाय. अमोल रविवारी येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. लोणच्याची बरणीही देते, यंदा तिखट कमी घातलंय.

आणि हो. त्या दिवशी सकाळी, ते सगळं व्हायच्या आधी, ओवी चिंचोक्यांचा डबा घेऊन बसली होती. पाच-पाचचे ढीग करता करता तिने मान वर केली आणि मला म्हणाली, "आजी, हे भाजले नाहीत तर याला झाड येतं का?" मी तेव्हा तिच्या पुस्तकाकडे हात केला आणि म्हटलं, "आधी वाचून दाखव बघू." दहा दिवसांत तिने आपणहून विचारलेलं तेवढंच.

तिला सांग, येतं. सात चिंचोके रात्रभर भिजवून परसात गोठ्याच्या भिंतीलगत लावलेत. काल त्यातल्या एकाने माती वर उचललीय. पानं फुटली की फोटो पाठवते.

तुझी,
आई