कोरा चहा वेगळा आणि चिनी ब्लॅक टी वेगळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मागे कोऱ्या चहावर लिहून आलं होतं, त्यात चायनीज ब्लॅक टी आलं-लिंबू घालून पाच मिनिटं उकळा म्हणे. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण हाच उद्योग मी स्वतः करून बसलोय.

आमच्या साताऱ्यात कोरा चहा कधी, तर दूध नासलं की नाहीतर अंगात कणकण असली की. त्यामुळे भाच्याने चीनहून कीमुन नावाच्या ब्लॅक टीचा डबा आणला तेव्हा मी शहाण्यासारखा तो आधणात टाकला, खळखळ उकळला, वर दूध, साखर, वेलदोडा. चव कसली, नुसतं तपकिरी पाणी! असं करत अर्धा डबा गेला हो, मग भाच्याने फोनवर हजेरी घेतली.

तर झालंय काय, आपली नेहमीची पावडर सीटीसीची, म्हणजे पान मशीनमध्ये चिरडून फाडून त्याची बारीक गोळी केलेली, ती उकळली तरी दुधाला पुरून उरते. कीमुनचं पान बारीक, काळं, नुसतं वळलेलं असतं, त्याचा वास नाजूक, थोडा फुलासारखा थोडा कोकोसारखा, तो उकळीत उडून जातो आणि मागे राहतो तो कडूपणा. हा चहा आन्हुई प्रांतातल्या छिमन भागातला. तिथे आधी ग्रीन टीच व्हायचा, १८७५ च्या सुमारास हा सुरू झाला. आणि गंमत म्हणजे चिनी लोक याला काळा म्हणतच नाहीत, लाल चहा म्हणतात, कपातल्या रंगावरून. त्यांचा 'काळा चहा' म्हणजे पु-अर नावाच्या चहाच्या जातीचा, मुरवलेला.

आता करायचा कसा. कपाला, म्हणजे २०० मिलीला, एक चमचा पान, साधारण अडीच-तीन ग्रॅम. पाणी उकळून गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं, ९०-९५ डिग्री पुरे. सातारा ७०० मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने इथे पाणी मुळात ९७-९८ लाच उकळतं, म्हणजे थर्मामीटर घेऊन बसायची गरज नाही. पानावर पाणी ओतून वर झाकण, ३ मिनिटं, आणि गाळायचं. तसाच ठेवून पेपर वाचत बसलात तर तुरट होणार, मग मला नावं ठेवू नका. चिनी पद्धत अजून वेगळी, छोटी किटली, पान ५ ग्रॅम, पाणी जेमतेम १०० मिली, १०-१५ सेकंदांत ओतून घ्यायचं आणि त्याच पानावर परत परत चार-पाच वेळा पाणी घालायचं. ह्याला वेळ पाहिजे, रविवारचं काम आहे.

पाण्याचंही सांगतो. बोअरच्या जड पाण्यात वर तवंग येतो आणि वास मरतो, कास तलावाचं पाणी नळाला येतं त्यात तोच चहा एकदम खुलतो. साखर घालू नका, त्याऐवजी सोबत कंदी पेढा घ्या, अर्धाच, लई भारी लागतं.

डब्यात आता दोन-तीन वेळचाच उरलाय. पाहुण्यांना दुधाचा लागतो, त्यांच्यासाठी पावडर आहेच.

आपला,
एक चहाबाज वाचक, सातारा