कनेक्शनचे पैसे भरून टाकलेत

पुणे, २६ मे

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, "कशाला गं एवढा खर्च", आणि बाबा गप्प राहिले असते. बाबांचं ते गप्प राहणं मला झेपत नाही, म्हणून लिहितेय. घरी फायबरचं इंटरनेट कनेक्शन घेतलं आहे. तुम्हाला न विचारता घेतलं, त्याबद्दल रागवा, पण शुक्रवारी केबलवाला येईल त्याला परत पाठवू नका.

महिन्याचे ५००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. सहा महिन्यांचे ३,५४० भरले. बाबा, तुम्ही कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडणारच, म्हणून आधीच लिहिलं. पेन्शनमधला एक रुपयाही यात नाही. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की गणपती होईपर्यंत मी तिथेच राहून काम करणार आहे. ऑफिसला कळवून झालंय.

दादा म्हणतो, मोबाइलचा हॉटस्पॉट असताना वेगळं वायफाय कशाला. त्याचं चूक नाही. तो चार दिवस येतो, त्याला पुरतं. माझे रोज तीन-चार तास व्हिडिओ कॉल असतात, आणि तासाला साधारण एक जीबी जातो. रोजच्या दोन जीबीचं पॅक दुपारच्या जेवणाआधीच संपतं. मग स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, त्यात साधा फोटोसुद्धा उघडत नाही. शिवाय टॉवर काही आपल्या एकट्याचा नाही. संध्याकाळी सगळी वाडी मोबाइल घेऊन बसते, आणि गणपतीला चाकरमानी उतरले की काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

खरं तर मागच्या गणपतीचंच मनातून जात नाही. पाखाडीवर, जास्वंदीपाशी तेवढ्या दोन काड्या रेंज यायची. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन पायरीवर बसलेली आणि बाबा, तुम्ही छत्री धरून शेजारी उभे. हॉटस्पॉटने फोन नुसता तापला होता, बॅटरी आठ टक्क्यांवर आलेली. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तर छत्री माझ्या खांद्याला टेकवून तुम्ही चार्जर आणि लांब वायरचा बोर्ड आणायला गेलात. येताना तिसऱ्या पायरीवरच्या शेवाळावरून पाय सटकला. मला दिसलं. माइक चालू होता. तोंडातलं वाक्य पुरं करून मग मी उठले. तुम्ही म्हणालात, "काही नाही, जरा बसलोच मी." कोपराला खरचटलं होतं आणि बोर्ड पोटाशी धरलेला होता, भिजू नये म्हणून.

यंदा ते नको. तुमच्या डोळ्यात दिवसातून चार-चार वेळा थेंब घालायचे असताना मला पायरीवर बसायचं नाही. घरात बसायचंय, आईच्या हाकेच्या अंतरावर. आई, कामाच्या वेळात मी दार लावून घेतलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. दोन वाजता पानावर येईनच. आणि तू लहानपणी ताप आला की द्यायचीस ती मऊ भाताची पेज मला ताप नसतानाही हवी आहे, मेतकूट घालून.

आता नीट ऐका. राउटर, म्हणजे वायफायचा तो डबा, कोपऱ्यात किंवा कपाटात ठेवू देऊ नका. माजघरात, घड्याळाखालच्या फळीवर. आपल्या चिऱ्याच्या भिंती हातभर जाड, लहर एका भिंतीतच दमते. फोनमधल्या वायफायच्या यादीत त्याची दोन नावं दिसतील. ५ गिगाहर्ट्झवालं वेगवान, पण भिंतीत अडकतं, २.४वालं ओटीपर्यंत पोचेल. तुमच्या फोनला २.४वालंच जोडा. आईला मावशीचा चेहरा नीट दिसेल, मध्येच गोठणार नाही.

बाबा, तुम्हाला वायर नीटनेटकी बांधायची सवय आहे. ही बांधू नका. आत केसासारखी काच असते, घट्ट वळवली की मोडते. सैल वेटोळं करून खिळ्याला अडकवा. राउटरवर लाल दिवा लागला तर उघडझाप करत बसू नका, केबलवाल्याला फोन करा. वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवा. काचेतून वीज येत नाही, प्लगातून येऊ शकते. लाइट गेल्यावर राउटर चालावा म्हणून छोटा बॅटरी बॅकअप मी घेऊन येतेय, त्यावर दोन-तीन तास निघतील. इन्व्हर्टरचा विषय तुम्ही काढू नका.

यानेही सगळं सुटतं असं नाही, हे मला ठाऊक आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा टॉवर, खांब, तारा सगळंच आडवं झालं होतं आणि पाच दिवस मला तुमचा आवाज ऐकू आला नव्हता. खांबावर फांदी पडली तर फायबरही तुटणार. म्हणून मोबाइलचं पॅक चालूच ठेवतेय, त्या दिवसापुरतं. रोजच्या कामासाठी मात्र वायफायच.

पायऱ्यांना ब्लीचिंग पावडर टाकून झाली का? पाऊस लागण्याआधी घासून घ्या, पण बाबांनी नाही, माणूस लावा. पैसे मी देईन. आणि ऑपरेशन झाल्यावर वाकून काही उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, माळ्यावर चढायचं नाही. आई, लक्ष ठेव. तुझ्या गुडघ्याची गोळी संपली असेल तर तसं स्पष्ट सांग, "आहेत दोन-चार" असं सांगू नकोस.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते, रविवारी सकाळी दापोली स्टँडवर उतरेन. घ्यायला येऊ नका, रिक्षाने येईन.

तुमची,
मनी

ता. क. आई, भोक देवघराच्या भिंतीला पाडणार नाहीत. कोठीच्या खिडकीच्या चौकटीला जुन्या अँटेनाच्या वायरीचं भोक आहे ना, त्यातूनच आत घ्यायला सांगितलंय. तरी तो ऐकेना तर तिथूनच मला फोन लावून त्याच्या हातात दे.