इंग्रजी कोटाचे श्रेय शिंप्यांनाही द्यावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील एकोणिसाव्या शतकातील इंग्रज पुरुषांच्या पोशाखावरचा लेख आवडीने वाचला. मात्र त्या शतकातील कोटाचे सारे श्रेय बो ब्रमेल या एका शौकिनाच्या पदरात टाकून तो संपतो, हे खटकले. भरजरी रेशमाऐवजी गडद निळा लोकरी कोट आणि अंगावरची त्याची नेटकी बसण यांची गोडी ब्रमेल यांनीच लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळाला लावली, यात शंका नाही. पण १८१६ मध्ये कर्जापायी त्यांना इंग्लंड सोडून फ्रान्स गाठावे लागले आणि त्यानंतरही या कोटाची घडण शिंप्यांच्या हातून होतच राहिली.

या घडणीचा पाया कापडात होता. ब्रॉडक्लॉथ हे लोकरी कापड विणून झाल्यावर ओले करून, कुटून, आटवून इतके घट्ट केले जाई की कापलेल्या कडेचे धागे सुटत नसत. कड न दुमडता तशीच ठेवली तरी चाले. शिवाय लोकर वाफेने आणि इस्त्रीने ताणता येते, आकसवताही येते, त्यामुळे छातीची गोलाई आणि खांद्याचा उतार केवळ शिवणीतून नव्हे तर इस्त्रीखालीही घडवता येत असे. पूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची वेगळी पट्टी करून, तिला खाचा पाडून मापे राखली जात. शतकाच्या आरंभी आकडे घातलेली फीत आली आणि शरीराच्या प्रमाणांवरून कापड बेतण्याच्या पद्धती पुस्तकरूपाने छापल्या जाऊ लागल्या.

तरीही एक अडचण उरलीच होती. कोटाचे अंग आणि खालचा घेर सलग तुकड्यात बेतला, तर कमर आवळताच तिथे आडव्या चुण्या पडत. १८२० च्या सुमारास शिंप्यांनी कमरेवर आडवी शिवण घेऊन अंग आणि घेर वेगवेगळे बेतायला सुरुवात केली, आणि पुढे काखेखाली आणखी एक तुकडा जोडला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील फ्रॉक कोटाची कमरेत चपखल बसणारी आणि गुडघ्यापर्यंत उतरणारी ऐट या शिवणींवर उभी आहे. असा कोट आतून उसवून पाहिला, तर छातीशी कॅनव्हास आणि घोड्याच्या केसांचे कापड दिसते, त्यावर हाताने घातलेले तिरके टाके दिसतात, आणि कॉलर जिथे वळते तिथे तेच टाके अधिक दाट होतात. यातला एकही टाका बाहेरच्या कापडावर उमटू द्यायचा नाही, हे या कामातले खरे कसब!

या कसबाची किंमत कोणी मोजली, हेही लेखात यायला हवे होते. पत्रकार हेन्री मेह्यू यांनी १८४९-५० मध्ये लंडनच्या ‘मॉर्निंग क्रॉनिकल’मध्ये शिंप्यांच्या तोंडूनच त्यांची हलाखी मांडली: मध्यस्थांमार्फत नगावर दिलेले काम, घसरत जाणारी मजुरी, आणि एकाच खोलीत राहून तिथेच रात्री उशिरापर्यंत शिवत बसलेली कुटुंबे. स्वस्त तयार कपड्यांचा धंदा या श्रमांवरच पोसला होता. पुढे शिवणयंत्र आले, लांब शिवणी त्यावर होऊ लागल्या. पण उत्तम कोटाची छाती आणि कॉलर हातावरच राहिली.

शेवटी एक दुरुस्ती सुचवतो. लेखासोबत ‘ब्रमेल यांच्या काळातील कोट’ म्हणून जे चित्र छापले आहे, त्यात कमरेची शिवण आणि गुडघ्यापर्यंतचा घेर स्पष्ट दिसतो. तो फ्रॉक कोट ब्रमेल इंग्लंड सोडून गेल्यानंतरचा आहे. पुढील अंकात चित्राखालील ओळ दुरुस्त करावी आणि लेखकांनी कोट बेतणाऱ्या व शिवणाऱ्या कारागिरांवर स्वतंत्र लेख लिहावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा