ब्योमकेश क्रमानेच छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रहस्यमालिकांवर लिहिताना शेवटच्या पानावरचा धक्का हेच त्यांचे बलस्थान असल्याचे सांगितले जाते. एका सुट्या कथेपुरते ते ठीक आहे. पण खुनी ठाऊक असूनही वाचक त्याच मालिकेकडे पुन्हा वळतो, ते कशासाठी? बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा गुप्तहेर ब्योमकेश बक्शी पाहा. १९३२ पासून त्याच्या ३२ कथा पूर्ण झाल्या आणि १९७० मध्ये लेखक गेले तेव्हा ३३ वी, ‘विशुपाल वध’, अर्धी राहिली.

या कथांची गोडी अशी की ब्योमकेशचे वय वाढते. पहिल्या भेटीत तो खोटे नाव घेऊन कोलकात्याच्या एका मेसमध्ये राहायला आलेला एकटा तरुण असतो. (मेस म्हणजे आपल्या गिरगावातल्या खाणावळीला वर भाड्याच्या खोल्या जोडाव्यात, तसे काहीसे.) मग हॅरिसन रोडवरचे बिऱ्हाड आणि दारावरची पितळी पाटी येते. पाटीवर ‘डिटेक्टिव्ह’ नाही, ‘सत्यान्वेषी’. डिटेक्टिव्ह हा शब्द त्याच्या कानाला खटकतो. पुढे एका खुनाच्या तपासात सत्यवती भेटते, लग्न होते, मूल होते, आणि अखेरीस दक्षिण कोलकात्यात केयातला भागात घराचे बांधकाम निघते. उलट अगाथा ख्रिस्तींचा पॉयरो १९२० मध्ये पहिल्यांदा आला तोच निवृत्त पोलीस अधिकारी म्हणून, आणि १९७५ पर्यंत चालला. हिशेब केला तर शंभरी ओलांडतो, म्हणून कुणी हिशेब करत नाही!

ब्योमकेशबरोबर शहरही बदलते. ‘आदिम रिपु’ १९४६ च्या दंगलींच्या कोलकात्यात सुरू होते आणि १५ ऑगस्ट १९४७ पर्यंत पोचते. भाषासुद्धा जुनी होते. कथा सांगणारा मित्र अजित साधुभाषेत, म्हणजे ग्रांथिक बंगालीत लिहितो. ‘बेणीसंहार’च्या आरंभी लेखकच कुरकुरतो की अजित अजून ‘करितेछि, खाइतेछि’ लिहितो, शिवाय पुस्तकांचे दुकान आणि घराचे बांधकाम यांतून त्याला सवड नाही, तेव्हा आता मीच लिहितो. निवेदकाला असे भर कथेत घरी बसवण्याची गंमत इंग्रजी अनुवादात विरते. मराठीला मात्र ती सहज पेलेल, कारण आपल्याकडेही ग्रांथिक आणि बोलीचे दोन रंग आहेत. सुरुवातीच्या कथांना ‘करीत आहे, म्हणता झाला’ असे जुने वळण द्यावे, शेवटच्या कथांना चालू मराठी. एकाच साच्यातून सगळ्या काढल्या की ती कुरकुर निरर्थक वाटते.

हत्यारांविषयीही सांगायला हवे. ‘पथेर काँटा’त माणसे भर रस्त्यात कोसळतात आणि छातीत सापडते ग्रामोफोनची पिन. त्या काळी अशा पिना डबीने विकत मिळत आणि एक पिन रेकॉर्डच्या एका बाजूपुरतीच वापरायची असे. त्यामुळे पिनेवरून तिच्या गिऱ्हाइकाचा माग लागणे अशक्य. ती कशातून सुटते ते इथे फोडत नाही. एवढेच सांगतो की ती वस्तू रोज रस्त्यावर दिसते आणि ऐकूही येते, म्हणूनच कुणाचे लक्ष जात नाही. त्या प्रकरणाचा धागा सापडतो तो वर्तमानपत्रातल्या एका छोट्या जाहिरातीत. वर्तमानपत्रात खरी बातमी जाहिरातींतच असते, असे ब्योमकेशचे मत. संपादकांनी ते मनाला लावून घेऊ नये.

आपल्यापुरता एक दुवा म्हणजे शरदिंदु १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीज या चित्रपटसंस्थेसाठी मुंबईला आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. पहिल्या दहा कथांनंतर पंधराएक वर्षे ब्योमकेश गप्प होता, तो याच चित्रपटलेखनाच्या काळात. ‘शैलरहस्य’ तर महाबळेश्वरला घडते; ब्योमकेश तिथला प्रकार पत्रातून अजितला कळवतो, आणि त्यात चक्क भूत आहे. इतरत्र तर्काला चिकटून राहणाऱ्या मालिकेत हे कसे चालले, यावर वाद घालावा. पण त्यासाठी आधीच्या दहा-बारा तरी कथा वाचलेल्या हव्यात. पहिलीच म्हणून ती हाती पडली तर ब्योमकेश फसवा वाटेल.

म्हणून मराठी प्रकाशकांना विनंती, की प्रत्येक कथेखाली लेखनवर्ष छापा. आरंभ ‘सत्यान्वेषी’ने करा, ती ‘पथेर काँटा’नंतर लिहिली असली तरी ओळख तीच करून देते. सत्यवती पहिल्यांदा भेटते ती ‘अर्थमनर्थम्’, तिला ती जिथे आधीच गृहिणी आहे त्या ‘चित्रचोर’नंतर टाकू नका. मलपृष्ठावर हत्याराचे चित्र नको. आणि ‘विशुपाल वध’ जिथे तुटली आहे तिथेच तुटू द्या, पुढचे पान कोरे ठेवा.

— एक वाचक, पुणे