पाळतीच्या आदेशावर न्यायाधीशाची सही हवी

महोदय,

सीताबर्डीतल्या दुकानातून अँटिव्हायरस आणून संगणकात टाकला की आपली माहिती सुरक्षित झाली, असे अनेकांना वाटते आणि चोरांपुरते ते बरेचसे खरेही आहे. परंतु केंद्रीय गृह मंत्रालयाने २० डिसेंबर २०१८ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली दहा यंत्रणांना कोणत्याही संगणकातील माहिती तपासण्याचे अधिकार दिले. त्यासाठी मंजुरी देणारे गृहसचिव आणि ती पडताळणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश कुठेच नाही. २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणाऱ्या नऊ न्यायमूर्तींमध्ये आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, याचा मला अभिमान वाटतो. न्यायालयीन मंजुरीची मागणी नागपूरच्या खासदारांनी संसदेत लावून धरावी.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर