'ओसाड खडक' म्हणू नका

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अंटार्क्टिकातल्या भारताच्या 'मैत्री' संशोधन केंद्रावरचा लेख वाचला. हिमवादळं आहेत, पेंग्विन आहेत (समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर, म्हणजे ते पाहुणेच!). केंद्र १९८९पासून ज्यावर उभं आहे त्या शिर्माकर टापूची मात्र 'ओसाड खडक' एवढ्यावरच बोळवण केली आहे. जन्मभर भूगोल शिकवलेल्या बाईला हे खुपणारच.

दोन वर्षांपूर्वी आम्ही कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइटचा केला. दुकानात एका लादीवर काळे-पांढरे पट्टे नागमोडी वळले होते आणि त्यांना कापत एक गुलाबी शीर सरळ गेली होती. दुकानदार म्हणाला, "काकू, यात डिफेक्ट आहे, भाव कमी करतो." मी तीच घेतली. नावाला ग्रॅनाइट, खरा तो नाईस, आपल्या पुस्तकांतला पट्टिताश्म. पट्टे वळलेत, शीर वळलेली नाही. म्हणजे आधी खडक दुमडला, मग शीर घुसली. वय ठाऊक नसलं तरी क्रम कळतो.

शिर्माकरचे खडकही असेच वाचतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं १९८१च्या पहिल्या मोहिमेपासून तिकडे जातायत. जमिनीखाली वीस-पंचवीस किलोमीटरवर, सात-आठशे अंश सेल्सिअसला, खडक सगळा न वितळता कणकेसारखा मळला जातो. दाब पुन्हा वेगळ्या दिशेने आला की जुनी वली, म्हणजे खडकाची घडीच, नव्याने दुमडते. या सगळ्याला छेदून गेलेल्या काळ्या भित्ती (भेगांत घुसून थिजलेल्या वितळलेल्या खडकाच्या भिंती) त्याहून नंतरच्या. दक्षिणेला बर्फातून डोकं काढणाऱ्या वोल्थाट डोंगरांत चार्नोकाइट हा ग्रॅनाइटसारखा गडद खडक आहे, चेन्नईजवळच्या पल्लावरमला मिळतो त्याच जातीचा. गोंडवन, म्हणजे भारत आणि अंटार्क्टिका ज्यात एकत्र होते तो प्राचीन महाखंड, जुळत होतं तेव्हा, ५०-६० कोटी वर्षांपूर्वी, तिथले खडक असे मळून निघाले.

मुंबईकराला हे परकं वाटणारच. आपल्या पायाखालचा बेसॉल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. लाव्हा आला, थिजला, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला त्याचे खांब झाले. असं मळून निघणं त्याच्या वाट्याला आलं नाही. नाईस जागेवर पाहायचा तर सिंधुदुर्गाची गाडी पकडावी लागते.

पुढच्या वेळी पेंग्विनशेजारी त्या खडकाचाही एक जवळून काढलेला फोटो छापा. आमच्या ओट्यावरची शीर तर मिक्सर जरा सरकवला की दिसते.

– एक निवृत्त शिक्षिका, दादर, मुंबई